इंजिनच्या पिसवा

३ मार्च

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाकिटावर सवयीनं ‘सौ.’ लिहून गेले आणि मग लक्षात आलं. खोडणार होते. पण खोडलेलं जास्त डोळ्यांवर येतं, हे रफू करणाऱ्या बाईला कुणी शिकवायला नको. म्हणून तसंच राहू दिलं. मनाला लावून घेऊ नकोस.

तू गेलीस त्याला पाच महिने होतील. सुखरूप पोचल्याचं तुझं तेवढं एक पत्र आलं. फोन केला की ‘जेवलात का’, ‘हो’ एवढं होऊन आपण दोघी गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्यात तोच येऊन बसतो. मग मला रिसीव्हर ठेवताही येत नाही आणि धरताही येत नाही. म्हणून लिहिते.

बातमी अशी, की इंजिन बाळंत झाली. गेल्या महिन्याच्या वीस तारखेला, शिवणयंत्राखालच्या चिंध्यांच्या टोपलीत. तीन पिल्लं आहेत. तिचं ऑपरेशन वेळेवर करून घ्या असं तू जाताना दोनदा बजावलं होतंस. आज करू, उद्या करू म्हणत माझ्याकडून राहिलं. राखाडी पिल्लू थेट तिच्यावर गेलंय, ती गुंडी. काळं ते अस्तर. आणि पांढऱ्यावर ठिपक्यांची, सगळ्यांत लहान, ती चिंधी. तो असता तर त्यानं क्लच, ब्रेक अशी नावं ठेवली असती. बस डेपोतल्या मेकॅनिकच्या मांजरीला रफूवालीच्या घरची पिल्लं झाली, तर नावं माझ्या धंद्यातलीच येणार.

आता खरं काम. इंजिनला पिसवा झाल्यात. माझे घोटे चावून चावून लाल झालेत. तेवढ्यावर भागलं असतं तर मी तुला त्रास दिला नसता. पण गाणं शिकवणाऱ्या बाईंचा कोट परवा मी दुरुस्त करून दिला, तो त्या घेऊन परत आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, की कॉलरमधून काहीतरी उडी मारून गेलं. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. तीस वर्षांत माझ्या हातचं काम असं परत आलं नव्हतं. मांजर आणि लोकांचे कपडे, दोन्ही या पुढच्या एकाच खोलीत, मग कपडे कुठे ठेवू?

कोपऱ्यावरचा प्राण्यांच्या खाण्याचा दुकानदार म्हणतो, कुत्र्यांच्या मानेवर टाकायचे थेंब आहेत, मांजरीला अर्धे टाका, काम होईल. मी म्हटलं, आमची सून जनावरांच्या दवाखान्यात आहे, आधी तिला विचारते. तर विचारते आहे. लवकर लिही.

लोभ अजून आहे असं धरून चालले आहे. नसेल तर तसं कळव, पण पिसवांचं आधी कळव.

तुझी,
आई

१७ मार्च

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, माफ करा. दवाखान्यात कामाची गर्दी होती.

सगळ्यांत आधी हे वाचा, बाकीचं मागून वाचलंत तरी चालेल. कुत्र्यांचे ते थेंब इंजिनला लावू नका. अर्धे नाही, एक थेंबही नाही. कुत्र्याला जे चालतं ते मांजरीच्या अंगात विष होतं. ‘थोडंसंच’ लावलेल्या मांजरी आमच्याकडे झटके येत असलेल्या अवस्थेत आणतात. तिला तिच्या वजनाप्रमाणे, पिल्लांना पाजणाऱ्या मांजरीला चालेल असंच औषध लागतं, आणि ते डॉक्टरांनी बघून द्यायचं. तुमच्या जवळच्या डॉक्टरांना मी चिठ्ठी लिहिली आहे. सोबत ठेवली आहे, ती दाखवा.

पिल्लं एवढी लहान आहेत की त्यांना औषध नकोच. त्यांना न्हाऊ घाला. पाणी कोमट, मनगटावर बघून. भांडी घासायचा पातळ साबण अगदी थोडा. आधी मानेभोवती साबणाचं कडं करा, नाहीतर पिसवा पाणी लागताच डोळ्यांकडे आणि कानांकडे पळतात. तोंड भिजवायचं नाही. दोन-तीन मिनिटांत आटपा, लगेच टॉवेलात गुंडाळून पूर्ण कोरडं करा. ओलं पिल्लू बघता बघता गार पडतं. मग रोज बारीक दातांच्या फणीनं विंचरा, आणि फणी दर वेळी साबणाच्या पाण्यात बुडवा. फणीला काळे कण लागतील. ते ओल्या कापसावर ठेवले आणि लाल झाले, तर ती पिसवांची घाण. ते रक्त पिल्लांचंच असतं.

म्हणून रोज त्यांच्या हिरड्या बघा. गुलाबी असल्या तर ठीक. फिक्या, पांढुरक्या दिसल्या तर एक तासही थांबू नका, दवाखान्यात न्या. एवढ्याशा जिवात रक्त ते किती असणार.

पिसवांची अंडी टोपलीत आणि फरशीच्या फटींत असतात. टोपलीतल्या चिंध्या फेकून द्या. अंथरूण उकळत्या पाण्यात धुवा. फटी झाडून कचरा पिशवीत बांधून लगेच घराबाहेर टाका. हे दोन महिने चालू ठेवावं लागेल, कारण आज दिसल्या नाहीत तरी कोषातल्या नंतर बाहेर येतात. लोकांचे कपडे तोवर बंद पेटीत ठेवा. गाणाऱ्या बाईंना सांगा, यात लाज वाटण्यासारखं काही नाही, स्वच्छ घरातही होतं.

इंजिनच्या कानामागे माझ्या वतीनं खाजवा. लोभाचं काय लिहू? पिसवांचं आधी लिहिलं आहे.

तुमची,
सून

२१ मार्च

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. चार वेळा वाचलं.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. गुंडीला न्हाऊ घातलं तर तिनं घर डोक्यावर घेतलं. एवढासा जीव आणि आवाज डेपोच्या भोंग्यासारखा. अस्तर मात्र शहाण्यासारखं बसून राहिलं, जणू मी त्याचं माप घेते आहे. पाणी आधी राखाडी झालं आणि मग तांबूस. तुझी चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडेही जाऊन आले. फणी माझ्याकडची चालली. लोकरीच्या कोटावरचे गोळे काढायला घेतली होती, दात चांगले बारीक आहेत. दिव्याखाली चष्मा लावून बसते. सुईत दोरा ओवणाऱ्या डोळ्यांना पिसू काय, सापडते. काल एकवीस सापडल्या, आज नऊ.

चिंध्या फेकल्या. टोपलीही फेकली. फरशीच्या फटी मी विणायच्या सुईनं कोरून काढते आहे. गाणाऱ्या बाईंना तुझा निरोप सांगितला, तर त्या स्वतःच झाडू घेऊन मदतीला आल्या.

एक विचारायचं होतं. मांजरीचं दूध कमी पडलं तर पिल्लांना वरचं काय द्यायचं? गाईचं दूध पाणी घालून चालेल का? मी कापसानं थेंब थेंब देऊन बघितलं, पण पोट बिघडलं. किती वेळा द्यायचं तेही लिही. लवकर लिहिलंस तर बरं.

इथे बाकी सगळं आहे तसंच आहे. आशीर्वाद आहेतच, ते मागायला लागत नाहीत.

तुझी,
आई

२४ मार्च

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आज दुपारी आलं. लगेच लिहिते आहे. सोबतच्या पार्सलमध्ये पिल्लांसाठीची दुधाची पावडर आणि दोन लहान बाटल्या आहेत. गाईचं दूध बंद करा, त्यानंच पोट बिघडलं. पावडर डब्यावर लिहिलंय तशी कोमट पाण्यात कालवा, दर चार तासांनी द्या. पिल्लू बाळासारखं उताणं धरायचं नाही, पोटावर ठेवायचं, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. झोपायला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी द्या, नको झालं तर बाजूला सरकता येईल एवढी जागा ठेवून. पाजून झालं की ओल्या कापसानं खालचं अंग पुसा. हे त्यांची आई जिभेनं करते.

आई, आता मी विचारते.

तुम्ही अख्खा कागद भरून लिहिलंत, त्यात इंजिनचं नाव एकदाही नाही. ती पिल्लांना न्हाऊ घालताना कुठे होती? डॉक्टरांनी तिला कोणतं औषध दिलं? तिनं तुमचे हात ओरबाडले कसे नाहीत? आणि तुम्ही गुंडीचं लिहिलंत, अस्तरचं लिहिलंत. चिंधी कुठे आहे?

तुम्ही खोटं लिहीत नाही. लिहायचं नसलं की तेवढी जागा सोडून देता. ती जागा मला दिसली. काय असेल ते लिहा. मी रागावणार नाही.

तुमची,
सून

२८ मार्च

चि. सूनबाईस आशीर्वाद. वि. वि.

पार्सल मिळालं. दोघंही बाटलीनं पितात.

इंजिन गेली. पंधरा तारखेला. मीच मारली.

तुला पत्र टाकल्यापासून रोज पोस्टमनच्या वेळेला मी दारात उभी राहायचे. सहाव्या-सातव्या दिवशी त्या बिचाऱ्यानं लांबूनच मान हलवायला सुरुवात केली. तोवर आणखी दोन गिऱ्हाइकांनी कपडे परत नेले. घोट्यांवरून चावे गुडघ्यांपर्यंत आले. पिल्लांच्या पोटावर त्या पळताना दिसायच्या. दहाव्या दिवशी माझा धीर सुटला. वाटलं, ही काही आता लिहीत नाही, तिचं आपलं नातं होतं ते त्याच्यापुरतं. रागाच्या भरात दुकानात गेले आणि ते थेंब आणले. अर्धेच टाकले. डब्यावर कुत्र्याचं चित्र होतं, ते मी बघितलं होतं. मला दिसलं नव्हतं असं म्हणता येणार नाही.

संध्याकाळपर्यंत ती ठीक होती. मग तिचे कान थरथरायला लागले. मला वाटलं, थंडी वाजतेय. त्याचा जुना कामावरचा शर्ट पांघरला. मग पाय थरथरायला लागले, आणि मग ती सगळीच. टॅक्सी करून डॉक्टरांकडे नेली. त्यांनी साबणानं धुतली, सुई दिली, सलाईन लावलं. उशीर झाला म्हणाले. थेंब पडल्या पडल्या धुतली असती तर कदाचित, म्हणाले. दोन दिवस होती. पंधराला दुपारी मी तिच्या पोटावर हात ठेवून बसले होते, आणि हाताखालचं हलायचं थांबलं.

तो गेला तेव्हा मी तिथे नव्हते. जॅक सरकला आणि बस अंगावर आली, हे मला फोनवरून कळलं. या वेळी हात ठेवून बसले होते, तरी काय उपयोग झाला?

चिंधी अठराला गेली. आई नाही, दूध नाही, अंगावर पिसवा. ती फिकी पडत होती हे मला समजलं नाही. पांढरीच होती, मला वाटलं रंगच तसा. हिरड्या बघायच्या असतात हे तुझ्या पत्रानं वीसला सांगितलं.

त्यानं इंजिन डेपोतून शर्टात गुंडाळून तुमच्या दवाखान्यात आणली नसती तर तू आमच्या घरात आली नसतीस. जाताना तू तिला नेऊ शकत होतीस. माझ्यासाठी ठेवून गेलीस. ते मी असं सांभाळलं.

आता तुला हवं ते लिही. काही लिहिलं नाहीस तरी मी समजेन.

आई

३१ मार्च

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दवाखान्याच्या पायरीवर बसून वाचलं. आत जाता आलं नाही.

तुम्ही मारली नाहीत. तसं का, ते आता लिहिते. माझ्या पहिल्या पत्रातली गर्दी खोटी होती.

तुमचं पत्र मला सहा मार्चलाच मिळालं होतं. मी ते उघडलं सतराला.

तुमचं आणि त्याचं अक्षर एकच आहे. त्याला अक्षरं तुम्हीच गिरवायला शिकवलीत ना. तसाच पोट सुटलेला ‘ब’, तशीच शेवटी वर उडालेली रेघ. पाकीट हातात आलं, माझं नाव, मागे ‘सौ.’, आणि एक क्षण मला खरंच वाटलं की त्यानं लिहिलंय. मग समजलं. पण समजल्यावरही उघडवेना. बंद होतं तोवर ते त्याचं होतं. उघडलं असतं तर आतून तुम्ही निघाला असतात. तुम्हांला हे वाचून वाईट वाटेल, पण खरं तेच लिहायचं ठरवलं आहे. अकरा दिवस मी ते एप्रनच्या खिशात घेऊन फिरले. दुसऱ्यांच्या मांजरी विंचरल्या, दुसऱ्यांना पिल्लांच्या हिरड्या दाखवल्या. तेव्हा तुमचा प्रश्न माझ्या खिशात होता.

सतराला एक म्हातारे गृहस्थ पिसवांनी पांढरं पडलेलं पिल्लू घेऊन आले. ते वाचलं नाही. ते मला म्हणाले, विचारायला कुणी नव्हतं. तेव्हा मी मागच्या खोलीत जाऊन पाकीट फाडलं. तुमचा प्रश्न वाचला आणि दोन तासांत उत्तर टाकलं. इंजिन तेव्हा जाऊन दोन दिवस झाले होते. चिंधी अजून होती.

मी तुम्हांला कुत्र्याच्या थेंबांबद्दल शहाणपण शिकवत होते, आणि तुम्ही ते वाचत होतात. चार वेळा वाचलंत. मला एका शब्दानं टोचलं नाहीत.

तुम्ही चुकलात ते विचारून, वाट बघून चुकलात. मला तर सगळं माहीत होतं.

पुन्हा ‘तुमची’ असं लिहायला धजत नाही.

सून

६ एप्रिल

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र तीनला मिळालं. दोन दिवस तुझ्यावर भयंकर रागावले होते, ते आधी सांगते. भांडी आपटली. भिंतीशी भांडले. गाणाऱ्या बाई चहाला आल्या, त्यांना म्हटलं, माणसानं पाकीट उघडायला अकरा दिवस लावावेत? त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग माझा राग रडण्यात गेला आणि पुन्हा सापडला नाही.

काल त्याच्या हत्यारांची यादी काढली, त्यानं स्वतः लिहिलेली. तुला लिहायला घेतलेल्या या कागदाशेजारी ठेवली. खरं आहे तुझं. मला आयुष्यभर त्याचं अक्षर माझं वाटायचं. माझं अक्षर कुणाला त्याचं वाटेल, हे डोक्यात आलं नव्हतं. यादी उचलून ठेवायला मलाही संध्याकाळ लागली. तू अकरा दिवस घेतलेस.

सकाळी दुकानदाराकडे गेले. दुकानात चार माणसं होती. त्यांच्यासमोर सांगितलं, की तुमचे कुत्र्यांचे थेंब मी मांजरीला लावले आणि ती मेली. तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं, दोघांचीही चूक. त्याचा चेहरा उतरला. आधी म्हणाला, कुणाकुणाला चालतं. मी तिथेच उभी राहिले. मी बारीक असले तरी दारात उभी राहिले की कुणाला आत-बाहेर करता येत नाही. शेवटी त्यानं त्या खोक्यांवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं, ‘मांजरांना लावू नये’. एक बाई हातातलं खोकं ठेवून गेली. तिच्याकडे मांजर आहे की नाही ते विचारायला मला सुचलं नाही.

गुंडी आता बशीतून पावडरचं दूध आणि शिजवलेली कोंबडी कुस्करून खाते. अस्तर तिच्यापेक्षा दीडपट आहे. दोघांच्या हिरड्या मी सकाळ-संध्याकाळ बघते, गुलाबी आहेत. फणीत काल दोन पिसवा, आज एक.

आपल्या दोघींचं नातं आता कागदावर काय धरायचं ते मला ठाऊक नाही. ठरवायलाही नको. मला एवढंच म्हणायचं आहे, की ही चूक एकटीनं उचलून चालवत नाही. तुलाही चालवत नसणार. रजा मिळाली तर ये.

‘तुमची’ लिहायला धजत नाहीस, तर मी लिहिते.

तुझीच,
आई

२३ एप्रिल

चि. सूनबाईस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू सोबत नेलेलं अस्तर प्रवासात शांत राहिलं हे वाचून बरं वाटलं. टोपलीच्या झाकणातून पंजा काढून तिकीट तपासणाऱ्याचा बटवा ओढला म्हणे. ते तुझं वळण, माझं नव्हे. गुंडी दोन दिवस त्याला कपाटाखाली शोधत होती. आज शोधायची थांबली. मला थांबलेलं जास्त लागलं.

आज बारा दिवस झाले, फणीत काही आलं नाही. तरी तू म्हणालीस तसं जूनपर्यंत झाडणं आणि उकळणं सोडणार नाही. गिऱ्हाइकं परत यायला लागली आहेत. गुंडीच्या ऑपरेशनचं डॉक्टरांना विचारून ठेवलं. वय झालं की लगेच करून टाकणार, या वेळी आज-उद्या नाही.

तू चार दिवस होतीस, तेव्हा एक बोलायचं राहिलं. तोंडावर बोलता आलं नसतं.

आलीस त्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण वाढून मी तुला हाक मारायला आले. तू त्याच्या खोलीत, त्याच्या पलंगावर झोपली होतीस. अंगावर काही घेतलं नव्हतंस. तोंड उघडं होतं. गुंडी आणि अस्तर तुझ्या गुडघ्यांच्या खोबणीत. तो गेल्यापासून त्या गादीवर कुणी पाठ टेकली नव्हती. चादर मी दर आठवड्याला बदलते आणि ताणून ठेवते. एक सुरकुती नसते. तुझ्याखाली ती पार चोळामोळा झाली होती.

मी उठवलं नाही. ताटावर झाकण ठेवलं, बाहेर जिन्यात जाऊन बसले आणि पोटभर रडले. वरचे भाडेकरू खाली आले, मला बघून पुन्हा वर गेले. तू उठलीस तेव्हा साडेपाच वाजले होते आणि जेवण गार झालं होतं. तू सॉरी म्हणालीस. मी म्हटलं, गरम करते.

तू गेल्यावर ती चादर धुतली नाही. ताणलीही नाही.

पुढच्या रजेची तारीख कळव. बाकी आशीर्वाद.

तुझी,
आई